नाव घ्या, ताई

मला मेंदूज्वर झाला तो गौरी-गणपतीत, आणि पहिले दोन दिवस घरात कुणाला त्यात विशेष काही वाटलंच नाही. मी नैवेद्याच्या खिरीत साखरेऐवजी मूठभर मीठ घातलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिचं लक्ष कुठं असतं कोण जाणे." तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडेच बघून अतिशय आदबीनं विचारलं, "आपण कोण?" तेव्हा कुठे रिक्षा बोलावली गेली.

दवाखान्यात मी सतरा दिवस होते म्हणे. मला त्यातले दोन आठवतात. निघताना डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला, हे मोठं. आता आठवण हळूहळू येईल. काही येईल, काही येणार नाही." आमचे हे छावणी भागातल्या शाळेत गणित शिकवतात. त्यांनी लगेच विचारलं, "साधारण किती टक्के?" डॉक्टर म्हणाले, "सर, हा तुमचा विषय नाही."

सासूबाईंनी मग ब्राह्मीचं तेल आणि भिजवलेले बदाम सुरू केले. रोज सकाळी सात बदाम. मी खाल्ले की नाही हे मला आठवायचं नाही आणि त्यांनाही, त्यामुळे काही दिवस चौदाही झाले असतील.

डिसेंबरात मी कामावर परतले. वाळूजला गाड्यांच्या वायरिंगचा कारखाना आहे, तिथे मी अकरा वर्षं शेवटच्या तपासणीला. गाडीतल्या सगळ्या वायरी एकत्र बांधून त्यांची एक लांब वेणी घालतात, टोकांना प्लॅस्टिकचे कनेक्टर लावतात. ही वेणी खिळे ठोकलेल्या मोठ्या फळीवर लावली की मी ती चौदा जागी तपासायची आणि शेवटी तिच्या चिठ्ठीवर शिक्का मारायचा. शिक्का बोटाच्या पेराएवढा, त्यावर नंबर एकवीस. पुढे कुठल्या गाडीत काही चुकलं तर नंबर बघून थेट माझ्याकडे यायचं. अकरा वर्षांत कुणी आलं नव्हतं. तो एवढासा लाकडी ठोकळा एप्रनच्या खिशात असला की मी आमच्या ह्यांनाही उलट उत्तर देऊ शकत असे.

पहिल्याच दिवशी मॅनेजर सरांनी तो मागून घेतला. माणूस माझ्याहून वयानं लहान आणि सज्जन. "मॅडम, घाई नाही. शिक्का सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये राहू दे. तुम्ही वर रेकॉर्ड रूममध्ये बसा, आरामाचं काम आहे. जुन्या फायली लावायच्या."

"सर," मी म्हटलं, "मी फाईल नाही. मला कपाटात लावू नका."

बोलून गेले आणि घाबरले. पण राग खरा होता. रेकॉर्ड रूममध्ये गेलेला माणूस परत खाली आलेला मी पाहिलेला नव्हता. सरांनी महिनाभर मला खालीच ऑफिसात कागदांवर बसवलं, आणि मग जानेवारीत एक तोड काढली. तीन आठवडे मी तपासायचं, माझ्यामागून दुसऱ्या कुणी तरी तेच पुन्हा तपासायचं, माझ्याकडून सुटलेलं लिहून ठेवायचं. शेवटच्या आठवड्यात एकही चूक निघाली नाही तर शिक्का परत. निघाली तर रेकॉर्ड रूम.

आता माझ्या डोक्याची अवस्था सांगायला हवी. चेहरे सगळे शाबूत होते. कामही हाताला येत होतं. गेली होती ती नावं: वस्तूंची, माणसांची, चौकांची. पण गंमत अशी की पहिला महिनाभर हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि त्याचं श्रेय मराठी भाषेला. आपल्याकडे "अगं, ते हे दे ना, त्या ह्याच्यावरचं" असं म्हटलं की समोरची बाई निमूट नेमकी तीच वस्तू आणून देते. मी दिवसभर "ते हे" आणि "त्याचं ते" यावर काढायचे आणि कारखाना सुरळीत चालायचा. मला तर वाटतं, निम्मा महाराष्ट्र माझ्यासारखाच आहे, फक्त त्यांना ताप आलेला नाही.

वही मात्र ठेवली होती. एप्रनच्या खिशात. तिच्यात सगळं लिहायचं. मग वही कुठे ठेवली ते आठवेना, म्हणून घरी दुसरी वही केली, पहिली कुठे आहे ते लिहायला. एकदा तर सकाळी भलत्याच कंपनीच्या बसमध्ये बसले. बस निळी होती, आमचीही निळीच. आजूबाजूचे चेहरे अनोळखी, पण मी मनाशी म्हटलं, बोलायचं नाही, हे माझ्या डोक्याचंच काही तरी असणार. परक्या गेटवर सगळे उतरले, मी बसलेलीच. ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "बाजी, ये आपकी कंपनी नई है. कब से देख रा मैं." त्यानंच मला आमच्या गेटवर सोडलं. तिथे मी वहीत लिहिलं: बस निळी, पण मागे पांढरा पट्टा.

तर, माझ्यामागून तपासायला सरांनी जिला नेमलं ती पिशोरवाली.

पिशोरवाली दोन नंबरच्या लाईनवर टेप गुंडाळायची. तिच्याइतका चपळ हात कारखान्यात दुसऱ्या कुणाचा नाही. वयानं माझ्याच आसपास. पिशोरकडची, घरची मेंढरांची माणसं. नवऱ्याबरोबर कामाला इकडे आली आणि वाळूजजवळच खोली करून राहिली. माझी फळी आणि तिची फळी यांच्यात चार हातांचं अंतर, अकरा वर्षं. तिच्या डब्यातला ठेचा मी खायचे, माझ्या डब्यातलं गोड वरण ती चेष्टेपुरतं चाखायची आणि म्हणायची, "ताई, हे आजाऱ्याचं जेवण का वो?" मला हॉस्पिटलातून आणलं तेव्हा ती मुद्दाम दोन बस बदलून छावणीत घरी आली होती, हे मला ह्यांनी सांगितलं. मला तो दिवस आठवत नाही.

आणि परीक्षेच्या पहिल्याच सकाळी, तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला तिचं नाव आठवत नाही.

इतर नावं गेली होती त्याचं वाईट वाटलं होतं, पण याची मला शरम वाटली. अकरा वर्षं शेजारी उभी राहिलेली, घरी येऊन गेलेली बाई! मी "अगं" वर भागवलं. बाकी सगळ्या तिला पिशोरवालीच म्हणायच्या, त्यामुळे कानावरही पडेना. ओळखपत्राची फीत फळीच्या खिळ्यात अडकते म्हणून सगळ्यांची ओळखपत्रं लॉकरमध्ये. चिठ्ठ्यांवर फक्त नंबर. तिचा एकशे सदतीस, तो माझा पाठ! फोनमध्ये शोधलं, तर तिथे "पिशोर लाईन दोन." स्वतःच्याच आळसाला मी शिव्या घातल्या.

सरळ विचारावं, तर धीर होईना. तिनं सरांना सांगितलं तर? जिला शेजारणीचं नाव आठवत नाही तिला शिक्का कोण देईल? चोराच्या मनात चांदणं, तशी माझी गत. मग मी ताकाला जाऊन भांडं लपवायला लागले. एकदा सहज विचारल्यासारखं म्हटलं, "का गं, आधार कार्डावर तुझं नाव नीट आलंय ना? हल्ली फार चुका असतात."

"व्हय ताई," ती टेप गुंडाळत म्हणाली, "एकदम नीट आलंय."

संपलं. यापुढे काय विचारणार?

इकडे परीक्षेत माझे तीन तेरा वाजत होते. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून तीन गोष्टी सुटल्या, दुसऱ्यात दोन. मी मनातल्या मनात एक ते चौदा मोजत तपासायचे आणि आठ-नऊपाशी कुणी खोकलं तरी आकडा निसटायचा. पिशोरवाली मागून यायची, सुटलेल्या जागी बोट ठेवायची आणि कागदावर लिहायची. मी एकदा केविलवाणं तोंड केलं. तिनं पेनाचं टोपण दातात धरून सांगितलं, "ताई, माझ्याकडं आसं बघू नका. मी लिवणार. उद्या कुणाची गाडी मधीच बंद पडली मंग?" मला तिचा राग आला आणि तिचं बरोबर होतं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, शनिवारी, कँटीनमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी असतं. तिळगूळ, वाण म्हणून स्टीलची वाटी, आणि उखाणे. माझा उखाणा कारखान्यात गाजलेला. तो मीच रचलेला आणि बायका तो दरवर्षी मागून घेतात. मी उभी राहिले तशा चाळीसेक बायका ओरडल्या, "नाव घ्या, ताई! नाव घ्या!" दारात मॅनेजर सरही तिळगूळ खात उभे.

मी ऐटीत सुरू केलं:

"लाल वायर, निळी वायर, वरून काळी टेप,"

आणि थांबले.

दुसरी ओळ मला येत होती. "...रावांच्या संसारात मी घेतली झेप." शब्द न् शब्द येत होता. फक्त त्या ओळीच्या सुरुवातीला जे नाव लागतं ते नव्हतं. चेहरा समोर दिसत होता, चष्मा दिसत होता, खडूनं पांढरी झालेली बाही दिसत होती. नाव नाही. दोष तरी कुणाला द्यायचा? पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना "अहो" म्हणत आले, लोकांत "हे" म्हणत आले. नाव काय ते वर्षातून एकदा, संक्रांतीला काढायचं. एवढं न वापरलेलं भांडं सापडणार कसं?

बायकांना वाटलं मी लाजतेय. "अय्या, ताई लाजल्या! या वयात!" टाळ्या, शिट्ट्या. सरही हसले. माझ्या कानशिलांतून गरम वाफा निघत होत्या. तेवढ्यात गर्दीतून पिशोरवालीचा खणखणीत आवाज आला, "आता गं बाई! घेतलं की ताईंनी नाव! तुमच्याच कालव्यात कुणाला ऐकू नाय आलं. चला, पुढची कोण?" आणि तिनं नुकतंच लग्न झालेल्या एका पोरीला दंडाला धरून पुढे ओढलं. गलका तिकडे वळला.

मी नळापाशी जाऊन तोंड धुतलं. ती मागोमाग आली.

"गेलं ना नाव?" तिनं विचारलं.

मी मान हलवली आणि रडले. चांगली ओक्साबोक्शी. ती वाण मिळालेल्या वाटीत पाणी भरून उभी राहिली. म्हणाली, "फोन लावा की मालकांना. नाव त्यांच्याकडं आसंल."

मी खरोखर फोन लावला. "अहो, तुमचं नाव काय?"

पलीकडे खडू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "फॉर्म भरायचाय की उखाणा घ्यायचाय?" मी रडत रडत हसले. त्यांनी रेशनकार्डावर आहे तसं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सावकाश सांगितलं आणि वर म्हणाले, "लिहून घे. परीक्षेत येऊ शकतं."

त्या दिवशी डबा खाताना मी तिला सगळं सांगून टाकलं: नावं जातात, आकडे निसटतात, वह्या दोन आहेत. सगळं, तिचं स्वतःचं नाव सोडून. ते सांगायला जीभ रेटेना.

तिनं भाकरी मोडत ऐकलं. मग म्हणाली, "माझा बाप मेंढरं मोजत नव्हता कधी. दोनशे व्हती. मोजायला गेलं की एक उडी मारतंय, दुसरं माघारी फिरतंय, मोजणाऱ्याचं डोस्कं फिरतंय. सांजच्याला कळप आत घ्यायचा तवा त्यो नुस्ता बघत उभा राहायचा. अन् मधीच म्हणायचा, 'ती लंगडी कुठं ऱ्हायली?' तुम्ही सारख्या एक-दोन-तीन करत बसता. मोजू नका. काय हाय ते सोडा. काय नाय ते बघा."

मला हे फार थोर वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं. ते बघून ती घाईनं म्हणाली, "आता त्याची मेंढरं हरवायची बी बरं का. लई हरवायची. आसं नाय की हरवत नव्हती."

सोमवारपासून मी मोजणं सोडलं. फळीवर वेणी लागली की दोन पावलं मागे सरायचं आणि सबंध बघायचं. पहिले दोन दिवस जीव मुठीत. पण अकरा वर्षं बघितलेलं डोळ्यांना पाठ होतं. ते डोक्यात नव्हतंच कधी, म्हणून तापाला सापडलं नसावं. बुधवारी एक वेणी समोर आली आणि मला नुसतं खुपायला लागलं. काय ते कळेना, पण डावीकडं काही तरी ओकंबोकं वाटत होतं. मी बोट दाखवून ओरडले, "थांबा! इथं ते हे नाही!"

पिशोरवाली धावत आली, वाकली, बघितलं. कनेक्टरच्या तोंडाला बसवतात ती पिवळी कडी नव्हती. तिनं कमरेवर हात ठेवले. "खरंच की! 'हे' नाय इथं!" सगळी लाईन हसली, मीही.

शनिवारी कागदावर त्या आठवड्याचा रकाना रिकामा होता. एकही चूक नाही. मॅनेजर सरांनी ड्रॉवर उघडला, माझा शिक्का टेबलावर ठेवला आणि शेजारी एक फॉर्म. मी शिक्क्याला हात घातला तसं त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "मॅडम, आधी एवढं भरा. फाईलला लागतं."

माझं नाव, शिक्क्याचा नंबर, विभाग, सगळं भरलं. शेवटची ओळ: पडताळणी करणाऱ्या व्यक्तीचं पूर्ण नाव. मी लिहिलं, एकशे सदतीस.

"नंबर नको मॅडम, नाव."

घोडं पेंड खायला लागलं ते इथे. मी पेन झटकलं. चष्मा पुसला. सरांना म्हटलं, तिची सहीही लागेल ना, मी घेऊनच येते. आणि फॉर्म घेऊन चहाच्या सुट्टीत दोन नंबरच्या लाईनवर गेले. ती स्टुलावर बसून बशीत चहा ओतत होती.

"मला तुला एक सांगायचंय," मी म्हटलं. "रागावू नकोस. त्या तापात माझ्या डोक्यातून तुझं नाव गेलं. तीन आठवडे आठवायला बघतेय. माझ्यासाठी तू एवढं केलंस आणि मी अकरा वर्षांचं तुझं नाव घालवून बसले. मला माफ कर."

तिनं बशी खाली ठेवली आणि हसायलाच लागली.

"ताई, तुमच्या तापानं नाय नेलं वो ते. तुम्हाला माझं नाव म्हाईतच नव्हतं कधी."

"असं कसं होईल?"

"पहिल्या दिशी तुम्ही इचारलं, कुठली गं तू? मी म्हणलं, पिशोरची. झालं. तवापास्नं पिशोरवाली. नाव कुठं इचारलं तुम्ही?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. लाल वायर कुठल्या भोकात जाते ते सांगावं, तसं सांगितलं तिनं. मी फॉर्म धरून उभी. इतके दिवस जे जे हरवलं ते मी तापाच्या नावावर टाकत आले होते. हे टाकायला जागा नव्हती. तापात मी सासूबाईंना विचारलं होतं, आपण कोण? हिला शुद्धीत असताना अकरा वर्षांत विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

"मग आता सांग," मी म्हटलं.

तिनं सांगितलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मी फॉर्मवर लिहिलं, तिनं सही केली. मग मी वही काढून तेच नाव पहिल्या पानावर लिहिलं, बस आणि पांढऱ्या पट्ट्याच्याही वर. फॉर्म सरांना देऊन, शिक्का घेऊन मी परत फळीपाशी आले आणि त्या दिवशीच्या पहिल्या चिठ्ठीवर एकवीस मारला. तो जरा तिरका पडला.

सोमवारी सकाळी गेटातून आत शिरताना ती पुढे चाललेली दिसली. मी वही न उघडता तिला नावानं हाक मारली. ती चालतच राहिली. दुसऱ्यांदा मारली, मोठ्यानं. तिच्या शेजारची बाई वळली, ती नाही. कारखान्यात त्या नावाला ओ द्यायची तिला सवयच नव्हती. तिसऱ्या हाकेला ती थबकली, मागे वळून तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून विचारलं,

"मलाच का वो, ताई?"

"तुम्हालाच," मी म्हटलं.